साखर सीमेवर : ठाणे–महापे, जून ते सप्टेंबर २०२५ च्या नोंदी

रिपोर्टवर प्रीडायबेटिस, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर, लिहून आलं की पहिल्याच दिवशी घरातला भात बंद होतो आणि पंधरा दिवसांनी तो दुप्पट होऊन परत येतो. या नोंदींत उलट वाट धरली आहे: आधी मोजायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ग्लुकोजचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज देणारी रक्तचाचणी, टक्क्यांत आहे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हे वाचून जेवण कापू नये. त्यांचं गणित वेगळं आणि ते डॉक्टरांसोबतच करायचं.

२ जून

उपाशीपोटी ११२. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १५८. एचबीए१सी ६.२. प्रीडायबेटिसच्या हद्दी अशा: उपाशीपोटी १०० ते १२५, ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० ते १९९, एचबीए१सी ५.७ ते ६.४. तिन्ही आकडे हद्दीच्या आत. उंची १६८ सेंमी, वजन ७८ किलो, बेंबीच्या पातळीवर कंबर ९८ सेंमी. भारतीय पुरुषाची कंबर ९० च्या आत हवी, बाईची ८० च्या आत.

एचबीए१सी वर विश्वास ठेवण्याआधी हिमोग्लोबिन बघून घ्यावं. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वर जातो. नुकतंच रक्त गेलं किंवा चढवलं असेल तर खोटा खाली येतो. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक दोषाचा वाहक असणं, असेल तरी गडबड होते. उल्हासनगरच्या सिंधी घरांत असे वाहक बरेच सापडतात, त्यामुळे ठाणे जिल्ह्यात हा मुद्दा पुस्तकी नाही. अशा वेळी ग्लुकोज पिऊन केलेली चाचणीच धरायची. इथे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातल्या लोहाचा साठा) दोन्ही ठीक निघालं.

डॉक्टरांचा निर्णय: तीन महिने गोळी नाही. वजन सात टक्क्यांनी खाली, म्हणजे साधारण साडेपाच किलो, आणि आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चालणं. हा सल्ला हवेतला नाही. चेन्नईच्या इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये, ज्याचे निष्कर्ष २००६ साली आले, आहार आणि चालण्याने मधुमेह होण्याचा धोका तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटला होता, आणि मेटफॉर्मिन या गोळीने २६.४ टक्क्यांनी. दोन्ही एकत्र करूनही वेगळा फायदा दिसला नाही.

४ जून

खरेदी: २५ स्ट्रिपसह ग्लुकोमीटर ११५० रुपये, सुयांचा शंभरचा डबा २००, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ४५०, शिंप्याची टेप ६०. दंडाला चिकटवायच्या सेन्सरचा विचार झाला होता, पण चौदा दिवसांच्या एका सेन्सरला पाच हजारांच्या आसपास पडतात. तेवढ्यात दोनशेहून जास्त स्ट्रिप येतात. इथे स्ट्रिप पुरेशा आहेत.

पहिलाच गोंधळ आंब्याने घातला. सकाळी उपाशीपोटी १६४! त्याआधी हापूस चिरला होता आणि हाताला सॅनिटायझर लावला होता. सॅनिटायझरने फळाची साखर बोटावरून जात नाही. साबण आणि पाण्याने हात धुऊन, कोरडे पुसून परत घेतलं तर १०९. थेंब बोटाच्या टोकातून न घेता कडेने घ्यावा, दुखत कमी. बोट दाबून पिळू नये. आधी हात खाली सोडून हलवला की थेंब आपोआप येतो.

पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं राहिलं तर ठाण्याच्या दमट हवेत स्ट्रिप खराब होतात. डबी फ्रिजमध्येही नको. कपाटात, झाकण घट्ट लावून.

मीटरला मानकाप्रमाणे १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालतं. म्हणून १०९ आणि ११६ हा फरक नाहीच. असल्या फरकावर आनंद किंवा रडारड नको. एकच जेवण दोन-तीनदा मोजून आकडे एकाच बाजूला पडले तरच तो निष्कर्ष.

११ जून

हा आठवडा खाणं जसं होतं तसंच ठेवून जोडीने मोजलं: पहिला घास घेण्याआधी एक, पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरं. शेवटच्या घासापासून मोजलं तर आकडा अर्ध्या तासाने सरकतो आणि तुलना फसते.

कांदेपोहे, भरलेली बशी (कोरडे पोहे ८० ग्रॅम): १०८ वरून १७१.
कॅन्टीनची थाळी, चार पोळ्या, भात, वरण, बटाट्याची भाजी: १०४ वरून १७८.
दोन ज्वारीच्या भाकऱ्या, पिठलं, ठेचा: १०६ वरून १७६.
दोन फुलके, वाटीभर मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर: १०५ वरून १३४.
दोन चमचे साखरेचा चहा आणि चार खारी: ११० वरून १५१.

धक्का भाकरीचा बसला. ज्वारी म्हणजे साखरेला चांगली, हे घरोघरी पाठ असतं.

१८ जून : भाकरी

पीठ काट्यावर घातल्यावर उलगडा झाला. घरची एक भाकरी ७० ग्रॅम पिठाची. ज्वारीच्या पिठात दर शंभर ग्रॅमला ६८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, म्हणजे एका भाकरीत ४७-४८ ग्रॅम. फुलका २५ ग्रॅम कणकेचा, त्यात सोळा-सतरा. म्हणजे एक भाकरी बरोबर तीन फुलके, आणि दोन भाकऱ्या म्हणजे सहा. सहा फुलके कोणी पथ्य म्हणून खात नाही, पण दोन भाकऱ्या खातात. धान्य बदलून मिळतं ते थोडं. वजन बदलून मिळतं ते पुष्कळ.

ठरलं: एक भाकरी, ४५ ग्रॅम पिठाची. पण एवढं कमी पीठ नेहमीसारखं परातीत थापलं की कडा फाटतात, आणि जाड ठेवली तर आत कच्ची राहते. थंड पाण्यात मळून बघितलं, उचलतानाच तुटली. जमलं ते असं: ४५ ग्रॅम पिठावर उकळतं पाणी साधारण तेवढ्याच वजनाचं, चमच्याने ढवळून पाच मिनिटं झाकून ठेवायचं, मग तळहाताच्या टाचेने रगडून मऊसूत करायचं. चहाच्या बशीएवढी थापायची, त्याहून मोठी नाही. तवा चांगला तापलेला हवा. पाणी फिरवलेली बाजू वर ठेवून टाकायची, ते सुकायच्या आत उलटायची, आणि शेवटी थेट आचेवर फुगवायची. फुगली नाही तर पाणी कमी पडलं असं समजावं.

एक भाकरी, पिठलं घट्ट आणि वाटीभर, शेजारी पालेभाजी: १०५ वरून १३९. परत घेतलं, १३६.

तांदळाच्या भाकरीलाही हाच नियम. घणसोली, गोठिवलीकडच्या आगरी घरांत मासळीबरोबर तीच लागते आणि ती सोडा म्हणणं म्हणजे जेवणच सोडा म्हणणं. ४० ग्रॅम पिठाची एक, सोबत दोन तुकडे बांगडा आणि रस्सा: १३८. मासळीत कर्बोदकं जवळपास नाहीत, पोटही भरतं. फक्त रवा किंवा तांदळाच्या पिठाचा जाड थर देऊन तळली तर तेही पीठ हिशेबात धरायचं.

दळण्याच्या बाबतीत एक. तयार मल्टिग्रेन आटा घेतला तर पाकिटामागे घटकांची यादी वाचा. पहिला आणि सगळ्यात मोठा घटक बहुधा गहूच असतो. गिरणीत चार किलो गव्हाला एक किलो हरभरे घालून दळून आणणं स्वस्त पडतं, आणि त्यात काय आहे ते माहीत असतं.

२५ जून : नाश्ता

नाचणीचं सत्त्व फसलं. ३० ग्रॅम सत्त्व, पाण्यात शिजवून ताक घातलेलं, साखर नाही: दोन तासांनी १६३, आणि अकराच्या आत भूक. धान्य चांगलं असलं तरी बारीक दळून, पातळ शिजवलं की पचायला काही उरत नाही, रक्तात झटकन उतरतं. झटपट ओट्सचंही तेच झालं, १५८.

पोहे ठेवले, पण निम्मे: कोरडे ४० ग्रॅम, त्यात वाफवलेली मोड आलेली मटकी ५० ग्रॅम, मूठभर मटार, कांदा भरपूर, दाणे १५ ग्रॅम. १०७ वरून १४०. मटकी कच्ची घातली तर पोह्यांच्या वाफेत शिजत नाही, कचकच लागते. कुकरला एक शिट्टी आधी.

सगळ्यांत चांगला निघाला तो हिरव्या मुगाचा घावन. ६० ग्रॅम मूग रात्री भिजत, सकाळी आलं-मिरची घालून वाटायचे, दोन घावन. १०६ वरून १२८. अडचण वेळेची: सकाळची ट्रान्स-हार्बर लोकल गाठायची असेल तर वाटप आदल्या रात्री लागतं, आणि या हवेत ओट्यावर ठेवलेलं वाटप सकाळी आंबूस होतं. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं. तिसऱ्या दिवशी फेकावं लागलं.

२ जुलै : दुपारचा डबा

कॅन्टीन बंद. डब्यात दोन फुलके, उसळ किंवा घट्ट आमटी, एक भाजी, गाजर-काकडी. भात अर्धी वाटी, आणि तो शेवटी. खाण्याचा क्रम खरंच फरक पाडतो: आधी कोशिंबीर आणि उसळ संपवून मग पोळी-भात घेतला तर १३६. त्याच डब्यातलं सगळं कालवून एकत्र खाल्लं तर १५२. कोलमच हवा असेल तर कोलम खा. महागडा ब्राऊन राइस एक किलो आणला होता, घरात कोणी खाल्ला नाही आणि त्यामुळे भाताची वाटी मात्र मोठी झाली.

४ जुलै : जेवणानंतरचं चालणं

सकाळी उपवनला तासभर चाललं तरी रात्रीच्या जेवणाचा आकडा हलला नाही. चालणारा स्नायू इन्शुलिनची फारशी मदत न घेता रक्तातली साखर ओढून घेतो, पण साखर रक्तात असेल तेव्हाच ते कामाचं. एकच जेवण, दोन फुलके, अर्धी वाटी भात, आमटी, भाजी: जेवून बसून राहिलं तर १५४, जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आत उठून पंधरा मिनिटं चाललं तर १२९. पूर्ण प्रयोगात एवढा स्वस्त बदल दुसरा सापडला नाही.

पावसात तलावपाळीचा फेरा होत नाही. जिने चढणं सुरू केलं, गुडघ्याने आठवड्यात तक्रार केली. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये छताखाली फेऱ्या चालतात. महाप्याला दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं. जोडीला एक दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दहाच्या तीन खेपा.

७ जुलै : आषाढी

काल साबुदाण्याची खिचडी, एक थाळी: १०५ वरून १९४. पूर्ण प्रयोगातला सगळ्यात मोठा आकडा, आणि तोही उपवासाच्या दिवशी. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते इथे मीटरवर दिसतं. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत. दाण्याचं कूट कितीही घाला. त्याऐवजी ४० ग्रॅम कोरडी भगर शिजवून दाण्याची आमटी आणि वाटीभर दही: १४५.

१६ जुलै : सकाळचा हट्टी आकडा

जेवणानंतरचे आकडे दीड महिन्यात सुधारले, उपाशीपोटीचा मात्र १०८ ते ११४ मध्येच अडकला. रात्रभर काही खाल्लेलं नसताना साखर येते कुठून? यकृतातून. इन्शुलिनचं म्हणणं यकृत नीट ऐकत नसलं की ते पहाटेपर्यंत रक्तात साखर सोडत राहतं. म्हणून रात्री जेवण अजून कापून काही होत नाही. तसं करून बघितलं, सकाळी ११३.

उशीर हे मोठं कारण निघालं. कोपरखैरण्याहून गाडी, ठाण्याला उतरून रिक्षाची रांग, घरी सव्वानऊ, जेवण दहाला, झोप साडेअकराला. जेवण आठच्या आत आणणं गाडीच्या वेळेमुळे शक्य नाही. म्हणून ते दोन भागांत तोडलं. दुसऱ्या लहान डब्यात शिजवलेले चणे किंवा उसळ आणि एक फुलका, साडेसहाला ऑफिसमध्येच. घरी आल्यावर फक्त भाजी, आमटी, ताक. आवडत असेल तर एखादं अंडं. चणे दुपारपर्यंत डब्यात टिकतात, संध्याकाळपर्यंत मात्र वास येतो. कांदा-टोमॅटो न घालता, नुसती फोडणी देऊन, ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवले तर चालतात.

झोप साडेपाच तासांवरून पावणेसात झाली ती याच बदलाने. तीन आठवड्यांनी, ६ ऑगस्टला, उपाशीपोटीचे आकडे ९९ ते १०६. घाई करणाऱ्यांसाठी सांगतो: हा आकडा सगळ्यात शेवटी हलतो. पहिल्या महिन्यात तो बघून प्रयोग सोडू नका.

३० जुलै : वजन थांबलं

वजन ७५.८ वर येऊन पंधरा दिवस तिथेच. मीटर खूश, काटा नाही. कारण मीटरला न दिसणाऱ्या गोष्टींत होतं: दाण्याचं कूट, खोबरं, तेल, भूक लागली की मूठभर दाणे. ३० ग्रॅम दाण्यांत १७० कॅलरी असतात आणि साखर जेमतेम हलते. तेलाचा महिन्याचा हिशेब काढला तर तीन माणसांत चार लिटर. ऑगस्टपासून दोन लिटर, महिन्याच्या सुरुवातीला वेगळ्या बरणीत काढून. बरणी संपली की संपलं. आमट्या फोडणीला कमी तेलात होतात, वांग्याची भाजी होत नाही, तिची वांगी आधी वाफवून घ्यायची.

गुळाचा चहा, कारल्याचा रस, जांभूळबियांची पूड, शुगर-फ्री बिस्किटं, सगळं एकेकदा जोडीने मोजलं. गुळाचा चहा साखरेच्या चहासारखाच. बिस्किटांत साखर नसली तरी मैदा असतो, तो तसाच चढतो. रसाने आणि पुडीने आकड्यांत ओळखण्याजोगा फरक पडला नाही, आणि रस घेतलाय म्हणून जेवण सैल होतं हा तोटा वेगळा.

१३ ऑगस्ट

ताप, खोकला. उपाशीपोटी १२७. आजारात शरीर स्वतःच साखर वाढवतं, शिवाय खोकल्याच्या औषधात साखरेचा पाक. या आठवड्याच्या नोंदी तुलनेत धरलेल्या नाहीत.

३० ऑगस्ट : गणपती

उकडीचा मोदक काट्यावर: उकड १५ ग्रॅम तांदळाच्या पिठाची, सारणात गूळ साधारण १० ग्रॅम. एका मोदकात वीस-बावीस ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक फुलका आणि वर थोडं. पहिल्या दिवशी पूर्ण पानावर, वरणभात-पोळी जेवून, वर दोन मोदक: १८१. तिसऱ्या दिवशी तेच दोन मोदक, पण भात आणि पोळीच्या जागी, आधी कोशिंबीर, मटकीची उसळ, अळूचं फतफतं, आणि जेवून पंधरा मिनिटं चालणं: १४४. मोदकावर तूप हवं तेवढं नाही, पण चमचाभर जरूर.

मोदकापेक्षा जड जातं ते संध्याकाळी लोकांकडे दर्शनाला फिरणं. प्रत्येक घरी पेढा आणि चहा. चहा पहिल्याच घरी, तोही बिनसाखरेचा सांगून. पेढा हातात घेऊन कपाळाला लावायचा आणि रुमालात घरी आणायचा. यजमान दुखावत नाहीत, प्रसाद नाकारला जात नाही. घरी त्यातला एक, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणासोबत.

१० सप्टेंबर

रिपोर्ट, त्याच लॅबमधून आणि त्याच पद्धतीने. लॅब बदलली तर एचबीए१सी नुसत्या यंत्राच्या फरकाने हलू शकतो. उपाशीपोटी १०३. ग्लुकोजनंतर १३२. एचबीए१सी ५.८. वजन ७३.४, कंबर ९२.

ग्लुकोजच्या चाचणीसाठी एक सूचना, कारण गेल्या तीन महिन्यांत जेवण कमी केलेल्यांचं इथे हमखास फसतं. चाचणीआधी तीन दिवस रोजचं व्यवस्थित जेवण हवं, कर्बोदकं किमान १५० ग्रॅम. फारच कमी खाऊन गेलात तर आकडा खोटा वर येतो. आणि ते दोन तास लॅबमध्ये बसून काढायचे, खाली जाऊन फेऱ्या मारायच्या नाहीत.

५.८ अजून हद्दीच्या आतच आहे. डॉक्टरांनी गोळी सुरू करणं अजून पुढे ढकललं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, यकृताच्या चाचण्या याच खेपेला करून घेतल्या. त्यांचा खर्च इथे धरलेला नाही.

बाकीचा हिशेब: मीटर ११५०, जादा स्ट्रिपचे पन्नासचे दोन डबे १९६०, सुया २००, काटा ४५०, टेप ६०, सुरुवातीचं हिमोग्लोबिन-फेरिटिन वगैरे ९००, दोन्ही वेळच्या साखरेच्या चाचण्या १६००. एकूण ६३२०. निम्म्या स्ट्रिप पहिल्या दीड महिन्यात लागल्या. ज्यांना हात आखडता घ्यायचा आहे त्यांनी नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढंच मोजावं, दुपारचं शेवटी.

२१ सप्टेंबर

उद्यापासून नवरात्र. त्या दिवसांसाठी काढून ठेवलेलं: भगर दर वेळी ४० ग्रॅम, राजगिऱ्याचं पीठ एका भाकरीला ४० ग्रॅम, दही, दाणे दिवसाला ३० ग्रॅमच्या पुड्या बांधून, दुधी आणि काकडी जांभळी नाक्यावरून. साबुदाणा आणलेला नाही. बटाटा आणि रताळं एका दिवशी दोन्ही नाही.

स्ट्रिप आता रविवारी उपाशीपोटी एक आणि आठवड्यात एका नव्या जेवणाची एक जोडी, एवढ्याच. उपाशीपोटी सलग १२६ किंवा वर आलं, किंवा तहान, वरचेवर लघवी आणि कारण नसताना वजन उतरणं सुरू झालं, तर डिसेंबरची वाट न बघता डॉक्टरकडे. नाहीतर पुढची एचबीए१सी १० डिसेंबरला, सकाळी, त्याच लॅबमध्ये.